लाईट गेली की घरचा फोन कुठे जातो? इंटरनेट फोनचं कॉल फॉरवर्डिंग समजून घेऊ या

गेल्या पावसाळ्यात उमरखेडला माझ्या थोरल्या खालाचा पहाटे इंतकाल झाला. मामूंनी फजरनंतर हिमायतनगरला आमच्या अब्बांच्या घरी फोन लावला. त्यांच्या जुन्या डायरीत तोच एक नंबर आहे. फोन लागला नाही. त्यांनी आणखी दोनदा लावला, तरी नाही. मामूंना वाटलं, कुणीतरी आधीच कळवलं असेल, ही माणसं निघाली असतील. बाकीच्यांना वाटलं, मामूंनी कळवलंच आहे. बारा-साडेबाराला घरात लाईट आली आणि एका भाच्याचा फोन लागला, तेव्हा अब्बा-अम्मीला कळलं. जोहरनंतर मिट्टी होती. ते दोघं उमरखेडला पोहोचले तेव्हा लोक कब्रस्तानातून परतत होते. अम्मीला आपल्या बहिणीचं शेवटचं तोंडही पाहता आलं नाही.

आता खरी बोच सांगते. अब्बांच्या त्या फोनवर मी स्वतः कॉल फॉरवर्डिंग लावून ठेवलं होतं. तिथे कुणी उचललं नाही तर कॉल नांदेडला माझ्या घरी यावा, अशी सोय होती. आठवडाभर आधी तपासलंही होतं, छान चालत होतं. पण त्या सकाळी माझा फोन एकदाही वाजला नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते, तरी ही चूक माझ्याकडून झाली. आपल्याकडे मय्यतीची खबर काही तासांच्या आत पोहोचावी लागते. दवाखान्याची निकड असली तर तेवढाही वेळ नसतो. म्हणून नंतर बसून हा विषय मुळापासून समजून घेतला. घरोघरी आता इंटरनेटवरचे फोन आले आहेत. जे मला उशिरा कळलं ते तुम्हाला वेळेत कळावं, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

फोन तोच, रस्ता बदलला

जुना लँडलाईन फोन तांब्याच्या तारेवर चालायचा. त्याला लागणारी वीजसुद्धा त्याच तारेतून एक्सचेंजमधून यायची. म्हणून गावात रात्रभर अंधार असला तरी फोन चालू असायचा.

आता फायबरचं कनेक्शन आलं की भिंतीवर एक बॉक्स बसतो. त्याच्या मागे फोनची वायर लावायला एक छोटं खाच असतं. काही घरांत हा बॉक्स आणि फोनचा अडॅप्टर एकच असतो, काही ठिकाणी राउटरला जोडलेला अडॅप्टर वेगळा असतो. काम एकच: आपला आवाज आकड्यांत बदलायचा, त्याच्या बारीक पुड्या बांधायच्या आणि इंटरनेटवरून पाठवायच्या. समोरून आलेल्या पुड्या सोडून पुन्हा आवाज करायचा. याला फार इंटरनेट लागत नाही. साध्या पद्धतीच्या एका कॉलला प्रत्येक दिशेने साधारण ८० ते ९० केबीपीएस पुरतात.

फरक एवढाच की या बॉक्सला वीज आपल्या घरच्या बोर्डातून मिळते. लाईट गेली की बॉक्स बंद, आणि बॉक्स बंद की फोन मुका. हातात घेतलेला फोन जुनाच असतो, त्यामुळे हा बदल लक्षातच येत नाही.

अडॅप्टरची हजेरी

तुमचा नंबर कोणत्या बॉक्सवर वाजवायचा हे कंपनीच्या एक्सचेंजला कसं कळतं? वर्गात हजेरी होते तसं. अडॅप्टर सुरू झाला की तो एक्सचेंजकडे आपली हजेरी लावतो: अमुक नंबर, मी या ठिकाणी हजर आहे. ही हजेरी ठरावीक वेळेने पुन्हा लावावी लागते. बऱ्याच अडॅप्टरवर ही मुदत तासाभरापर्यंत असते.

यातून एक अडचण उभी राहते. सकाळी सहाला हजेरी लागली आणि सव्वासहाला लाईट गेली, तर एक्सचेंजच्या वहीत अडॅप्टर सातपर्यंत हजरच दिसू शकतो. तोवर आलेला कॉल एक्सचेंज त्याच्याकडे पाठवतं, थोडा वेळ उत्तराची वाट बघतं आणि मग सोडून देतं. हजेरीची मुदत संपली की मात्र नंबर गैरहजर ठरतो.

फॉरवर्डिंगचे चार प्रकार

कॉल दुसरीकडे वळवण्याचे चार प्रकार असतात. मोबाइल असो की घरचा फोन, तत्त्व एकच.

पहिला, सगळे कॉल. घरचा फोन वाजतच नाही, प्रत्येक कॉल थेट दुसऱ्या नंबरवर जातो. घरातले सगळे महिनाभर उमऱ्याला किंवा गावी गेले असतील तर ठीक.

दुसरा, उचलला नाही तर. ठरावीक सेकंद घरी रिंग वाजते, मग कॉल पुढे जातो.

तिसरा, बिझी असेल तर. अम्मी बोलत असताना दुसरा कॉल आला तर तो पुढे जातो.

चौथा, संपर्कात नसेल तर. अडॅप्टर बंद आहे, नेट गेलं आहे, फायबर तुटली आहे, अशा वेळी कॉल पुढे जातो.

मी फक्त दुसरा प्रकार लावला होता. चौथा लावायचं डोक्यातच आलं नाही. पण चूक तेवढीच नव्हती.

सूचना कुठे लिहिली आहे, बॉक्समध्ये की एक्सचेंजमध्ये?

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: फॉरवर्डिंगची सूचना घरच्या अडॅप्टरमध्ये लिहिलेली असेल, तर अडॅप्टर बंद पडल्यावर ती सूचनाही बंद पडते.

समजा शिपायाला सांगितलं, मी नसलो तर पाहुण्यांना शेजारच्या ऑफिसात पाठव. शिपाई हजर असेल तोवर हे चालेल. तो रजेवर गेला तर पाहुण्याला कोण सांगणार? तीच सूचना गेटवरच्या चौकीदाराला दिली असती तर शिपाई नसतानाही पाहुणा योग्य जागी गेला असता. अडॅप्टर म्हणजे शिपाई, एक्सचेंज म्हणजे गेटवरचा चौकीदार.

मी सूचना शिपायाला दिली होती. फोन उचलून कोड दाबला, टोन ऐकला आणि खूश झाले. ग्रँडस्ट्रीमचे एचटी मालिकेतले अडॅप्टर किंवा लिंक्सिस-सिस्कोचे जुने एसपीए अडॅप्टर असतील तर मूळ सेटिंगमध्ये हे कोड असे आहेत: सगळे कॉल वळवायला *७२, रद्द करायला *७३. बिझी असेल तर *९०, रद्द *९१. उचलला नाही तर *९२, रद्द *९३. कोडच्या पुढे ज्या नंबरवर कॉल न्यायचा तो नंबर. कंपनीने दिलेल्या बॉक्समध्ये हे कोड बंद किंवा वेगळे असू शकतात. तुमचा कोड अडॅप्टर स्वतः समजून घेतो की एक्सचेंजकडे पाठवतो, हे फोनवरच्या टोनवरून ओळखता येत नाही.

ओळखायची खात्रीची पद्धत मात्र अगदी सोपी आहे. फॉरवर्डिंग लावा, मग अडॅप्टरचा प्लग काढा. पाच मिनिटं थांबून मोबाइलवरून घरच्या नंबरवर कॉल करा. तासाभराने पुन्हा एकदा करा. दोन्ही वेळा कॉल पुढे गेला तर सूचना एक्सचेंजमध्ये आहे. गेला नाही तर ती बॉक्समध्ये आहे किंवा चौथा प्रकार लावलेला नाही. मी तपासलं होतं ते लाईट असताना. परीक्षा घेतली, पण सोप्या प्रश्नाची.

कंपनीला काय विचारायचं

ग्राहक सेवेला नुसतं "फॉरवर्डिंग चालू करा" म्हणू नका. असं विचारा:

"माझ्या लँडलाईनवर उचलला नाही तर आणि संपर्कात नसेल तर, अशी दोन्ही फॉरवर्डिंग तुमच्या सर्व्हरवरून लावून मिळतील का? माझा बॉक्स बंद असताना ती चालतील का? रिंगचे सेकंद बदलता येतील का? पुढे गेलेल्या कॉलचे पैसे माझ्या प्लॅनमध्ये आहेत का?"

शेवटचा प्रश्न विसरू नका. कॉल करणारा फक्त तुमच्या नंबरपर्यंतचे पैसे देतो. तिथून पुढच्या टप्प्याचा खर्च फॉरवर्डिंग लावणाऱ्याच्या खात्यात धरला जातो. देशातल्या कॉलला अमर्याद प्लॅन असेल तर फरक पडत नाही, पण परदेशातल्या नंबरवर कॉल वळवला तर बिल येऊ शकतं.

किती रिंग वाजू द्यायच्या?

आपल्याकडे घरच्या फोनची रिंग जोडीने वाजते, ट्रिंग-ट्रिंग, मग दोन सेकंद शांतता. ही एक फेरी सुमारे तीन सेकंदांची. म्हणजे २० सेकंदांत साधारण सहा-सात फेऱ्या. बऱ्याच अडॅप्टरवर कंपनीकडून २० सेकंदच लावलेले येतात.

आमच्या अब्बांचे गुडघे दुखतात. अंगणातल्या खाटेवरून उठून फोनपर्यंत यायला त्यांना किती वेळ लागतो, हे मी घड्याळ लावून पाहिलं. बावीस सेकंद लागले. म्हणजे २० सेकंदांच्या हिशेबात ते फोनजवळ पोहोचेपर्यंत कॉल नांदेडला निघून जाणार, आणि आपण वेळेवर पोहोचत नाही असं त्यांना वाटत राहणार. मी ३० सेकंद करून घेतले.

पण फार वाढवूही नका. २०१९ मध्ये ट्रायने ठरवून दिलं की कॉल कुणी उचलला नाही तर रिंग मोबाइलवर ३० सेकंद आणि लँडलाईनवर ६० सेकंद वाजावी. घरी ३० आणि पुढच्या मोबाइलवर ३० धरले तर एक मिनिट होतो. समोरचा माणूस त्याहून जास्त थांबत नाही. मय्यतीची खबर देणाऱ्याला तर आणखी वीस जणांना फोन करायचे असतात.

गोल गोल फिरणारा कॉल

हिमायतनगरचा फोन नांदेडकडे वळवला. मग मनात आलं, नांदेडचाही हिमायतनगरकडे वळवून ठेवू, दोन्ही घरांची सोय होईल. इथे घोळ होतो. दोन्हीकडे कुणी नसेल तर कॉल इकडून तिकडे आणि तिकडून इकडे फिरत राहतो. शेवटी यंत्रणा तो तोडते आणि कॉल करणाऱ्याला फक्त बिझी टोन ऐकू येतो.

म्हणून नियम असा ठेवा: कॉल एकाच दिशेने पुढे जावा, आणि शेवटचा थांबा मोबाइल असावा. दुसऱ्या घरचा अडॅप्टर हा शेवटचा थांबा नको, कारण लाईट तिकडेही जाते. आमच्याकडे आता हिमायतनगरचा फोन थेट माझ्या मोबाइलवर येतो. त्या मोबाइलवर पुढे कुठलंही फॉरवर्डिंग नाही.

फॉरवर्डिंगचा दुसरा चेहरा: फसवणूक

जी सोय खबर पोहोचवते तीच चोराच्याही कामी येते. मोबाइलवर कॉल येतो: तुमचं पार्सल अडकलं आहे, किंवा तुमचं सिम बंद होणार आहे. *४०१* दाबा, पुढे हा नंबर टाका. माणूस दाबतो. त्याने आपल्याच हाताने आपले सगळे कॉल चोराच्या नंबरवर वळवलेले असतात. मग चोर व्हॉट्सअॅप स्वतःच्या फोनवर सुरू करतो, पडताळणीचा आकडा कॉलवरून मागतो, आणि तो कॉल त्याच्याकडेच जातो. नंतर तुमच्या नावाने नातेवाइकांना पैशांचे निरोप सुरू होतात.

हे प्रकार वाढल्यामुळे दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून मोबाइलवरची अशी कोड दाबून होणारी फॉरवर्डिंग सेवा थांबवायला आणि ती सुरू करण्यासाठी दुसरे मार्ग द्यायला कंपन्यांना सांगितलं. तरीही सावध राहा. दुसऱ्याने फोनवर सांगितलेला, स्टार किंवा हॅशने सुरू होणारा कोणताही कोड दाबू नका. *#२१# डायल केलं की आपले कॉल कुठे वळवले आहेत का ते बहुतेक मोबाइलवर दिसतं, आणि ##००२# ने सगळी फॉरवर्डिंग रद्द होतात. कोड चालला नाही तर फोनच्या कॉल सेटिंगमध्ये बघा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कॉल करा. लाज वाटून दोन दिवस घालवू नका.

घरच्या अडॅप्टरलाही सेटिंगचं पान असतं. त्याचा आलेला पासवर्ड तसाच ठेवू नका. तो बदला आणि डायरीत लिहून ठेवा. ज्याच्या हाती ते पान गेलं, त्याला तुमच्या घरचे कॉल हवे तिथे वळवता येतात.

आखातातले आपले लोक आणि एक मोठा सापळा

आपल्या बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी सौदी, कुवेत, दुबईला आहे. साहजिकच मनात येतं, एक अडॅप्टर तिकडे, एक इकडे, फुकटात बोलू. भारतात इंटरनेटवरून बोलायला मर्यादित स्वरूपात १ एप्रिल २००२ पासूनच परवानगी मिळाली. इंटरनेटवरच्या एका अडॅप्टरवरून तशाच दुसऱ्या अडॅप्टरवर घरच्यांशी बोलणं हा गुन्हा नाही. आपण अॅपवरून बोलतो तसंच ते. मात्र तिकडच्या देशाचे नियम वेगळे आहेत. सौदीने इंटरनेट कॉलवरची बंदी सप्टेंबर २०१७ मध्ये उठवली, तर अमिरातीत ठरावीक परवानगी असलेली अॅपच चालतात. तिथे राहणाऱ्याने तिथला नियम पाळावा.

गुन्हा कुठे सुरू होतो? परदेशातून इंटरनेटवर आलेला कॉल घरातल्या बॉक्समधून, सिमकार्ड लावून, भारतातल्या कुठल्याही फोनवर सोडायला लागलो की. ते विनापरवाना टेलिफोन एक्सचेंज ठरतं. ही मुंबई-भिवंडीचीच गोष्ट आहे असं समजू नका. जून २०१७ मध्ये एटीएसने आपल्या शेजारच्या लातूर जिल्ह्यात असंच बेकायदा एक्सचेंज पकडलं होतं. आंतरराष्ट्रीय कॉल स्थानिक कॉल असल्यासारखे दाखवून पुढे पाठवले जात होते. असा कॉल खरा कुठून आला हे तपास यंत्रणेला कळत नाही, म्हणून हे प्रकरण नुसत्या महसुलाचं राहत नाही, सुरक्षेचं होतं. दूरसंचार कायदा २०२३ च्या कलम ४२ नुसार परवानगीशिवाय अशी सेवा देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

म्हणून कुणी ओळखीचा म्हणाला, "तुमच्या घरात एक बॉक्स ठेवतो, लाईट आणि नेट तेवढं द्या, महिन्याला पैसे देतो," तर सरळ नाही म्हणा. आपल्या आधारकार्डावर सिम काढून देऊ नका. बॉक्स कुणाचाही असो, पोलीस येतात ते ज्याच्या घरात तो सापडतो त्याच्याकडे. आपल्या बेरोजगार मुलांना हे घरी बसवून समजावून सांगा.

लाईटची सोय

फॉरवर्डिंग कितीही नीट लावलं तरी घरचा फोन घरीच वाजलेला बरा. त्यासाठी राउटरचा छोटा यूपीएस मिळतो. घेण्याआधी अडॅप्टरच्या तळाशी लिहिलेले व्होल्ट बघा. बरेच बॉक्स १२ व्होल्टवर चालतात, काही छोटे अडॅप्टर ५ व्होल्टवर. चुकीचा लावला तर बॉक्स जळू शकतो. बॉक्स आणि अडॅप्टर वेगवेगळे असतील तर दोघांनाही बॅकअप हवा, एकाला देऊन उपयोग नाही. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एक गोष्ट स्पष्ट सांगा: लाईट नसताना या फोनवरून ११२ लाही कॉल लागणार नाही. त्यासाठी बटणांचा एक साधा मोबाइल चार्ज करून उशाशी ठेवा.

आमच्या घरचा आताचा रिवाज

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अब्बा स्वतः उठून बॉक्सचा प्लग काढतात. मी नांदेडहून घरचा नंबर लावते, माझ्या दुसऱ्या मोबाइलवरून. पहिला मोबाइल वाजला की समजायचं, रस्ता मोकळा आहे. तासाने पुन्हा एकदा लावते, मग अब्बा प्लग लावतात. एवढंच.

आणखी एक काम केलं, त्याला कोणतंच यंत्र लागत नाही. मामूंच्या डायरीत अब्बांच्या नंबरखाली माझा, भावाचा आणि हिमायतनगरच्या शेजाऱ्यांचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून दिला. मामूंना सांगितलं, एक नंबर लागला नाही तर दुसरा लावा, आणि कळवलं असेल असं समजून कुणी थांबू नका.

खालाच्या कबरीवर अम्मी नंतर जाऊन आली, दुआ करून आली. त्या सकाळबद्दल तिने मला कधी बोल लावला नाही. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी प्लग काढायची आठवण अब्बांना तीच करते.